दोन अमरावत्या आणि एक डीपी

मे महिन्यातली रात्र, दहाचा सुमार. अकोल्याची जठारपेठ घ्या किंवा अमरावतीचं राठीनगर, दृश्य एकच. कोपऱ्यावर ‘ढप्प’ असा आवाज होतो आणि गल्ली काळी होते. पंखा जुन्या वेगावर दोन-चार फेरे घेतो आणि थांबतो. कूलरची घरघर बंद पडली की इतका वेळ दबलेला एक आवाज ऐकू येऊ लागतो, गवताच्या ताटीतून टबात ठिबकणाऱ्या पाण्याचा. दारं उघडतात, माणसं ओट्यावर येतात आणि कुणी कुणाला काही विचारायच्या आत सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. डीपी उडाली.

डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे पोराला हा शब्द शाळेत जाण्याआधी कळतो. यथावकाश लाइनमन येतो, लांब काठी वर नेतो, फ्यूज बसवतो आणि गल्लीभर ‘आली’ असा गलका होतो. दुसऱ्या रात्री तीच डीपी, तोच आवाज.

हे दृश्य वर्षानुवर्षं पाहिल्यावर मला दोन प्रश्न पडू लागले. आज रात्री नेमकी हीच डीपी उडणार, हे दुपारी चारला कुणाला सांगता आलं असतं का? आणि ही वस्ती कागदावर आखली जात होती तेव्हाच कुणाला सांगता आलं असतं का? जगातली काही शहरं या प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी एक साधन वापरू लागली आहेत. त्याचं नाव डिजिटल ट्विन. आपण त्याला शहराचं जुळं म्हणू.

* * *

ही कल्पना शहरात येण्याआधी अंतराळात आणि कारखान्यात वाढली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. यान चंद्राच्या वाटेवर होतं आणि जमिनीवरच्या माणसांच्या हाती त्याच्यासारखेच बेतलेले सिम्युलेटर होते. यानातून येणारे आकडे त्या सिम्युलेटरांना देऊन, काय केलं तर काय होईल हे आधी खाली करून पाहिलं आणि मग वर कळवलं. १९९१ मध्ये डेव्हिड गेलर्न्टर या संगणकतज्ज्ञाने ‘मिरर वर्ल्ड्स’ या पुस्तकात अख्ख्या शहराचा आरसा संगणकात असेल असं भाकीत केलं. २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्हज यांनी कारखान्यातल्या वस्तूंसाठी ही कल्पना मांडली आणि २०१० च्या सुमारास नासाच्या कागदपत्रांतून ‘डिजिटल ट्विन’ हे नाव रुळलं.

मग नकाशा आणि जुळं यांत फरक काय? नकाशा हा फोटो असतो, काढला त्या दिवसाचा. त्रिमितीतलं, गोल फिरवून पाहता येणारं चित्र हाही शेवटी फोटोच, फक्त महागाचा. जुळ्या भावंडांतल्या एकाला ताप आला की दुसऱ्याचं अंग तापतं, असं आपल्याकडे म्हणतात. संगणकातल्या जुळ्याकडून हीच अपेक्षा असते. खऱ्या गल्लीत पारा चढला, मीटर पळू लागले, की संगणकातल्या गल्लीलाही ते कळलं पाहिजे. आणि खऱ्या गल्लीवर जे प्रयोग करता येत नाहीत ते तिच्यावर करता आले पाहिजेत: सगळे स्लॅब पांढरे केले तर? प्रत्येक घरात एसी आला तर? निम्मी छतं सौरपॅनेलांनी झाकली तर?

त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, इमारतींचा सांगाडा: उंची, भिंती, खिडक्या, कोणाची सावली कोणावर पडते. दुसरी, भौतिकशास्त्राचे नियम: ऊन भिंतीतून आत कसं उतरतं, हवा कशी खेळते. हे गणित करणारी एनर्जीप्लससारखी प्रणाली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने फुकट दिली आहे, तर वस्तीच्या पातळीवरचं गणित करणारी ‘सिटी एनर्जी अॅनालिस्ट’ ही झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातून आलेली प्रणालीही खुली आहे. तिसरी गोष्ट म्हणजे चालू नोंदी: मीटर, फीडर, तापमान, पाणी. पहिल्या दोन गोष्टी विकत किंवा फुकट मिळतात. तिसरी ज्याची त्यालाच जमवावी लागते, आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

* * *

इंटरनेटवर ‘अमरावती’ आणि ‘डिजिटल ट्विन’ असे दोन शब्द टाकले की एका झगमगत्या शहराची चित्रं समोर येतात. नदीकाठ, हिरवे पट्टे, काचेचे मनोरे. क्षणभर छाती फुगते. मग लक्षात येतं, ही अंबादेवीची अमरावती नाही, कृष्णाकाठची आहे. आंध्र प्रदेशची राजधानी.

तिची गोष्ट मात्र आपण ऐकावी अशी आहे. २२ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. २१७ चौरस किलोमीटरचा आराखडा, शासकीय संकुलासाठी लंडनच्या फॉस्टर अँड पार्टनर्सची रचना. २०१८ मध्ये शिकागोच्या सिटीझेनिथ या कंपनीने जाहीर केलं की या शहराचं संपूर्ण डिजिटल जुळं तयार होणार. जन्मापासूनच जुळं असलेलं हे शहर असेल, असा दावा होता. बांधकामाची प्रगती, ऊन, वारा, वाहतूक, सगळं एका पडद्यावर दिसणार होतं. २०१९ च्या सुरुवातीला आखाती देशातल्या तबरीद कंपनीशी शासकीय इमारतींच्या सामायिक शीतकरणाचा, म्हणजे एका ठिकाणी पाणी गार करून ते नळांनी सगळ्या इमारतींना पोचवण्याचा करारही झाला.

त्याच वर्षी निवडणुका झाल्या, सरकार बदललं, तीन राजधान्यांची टूम निघाली आणि काम थांबलं. अर्धवट खांबांतून गवत वाढलं. २०२४ मध्ये पुन्हा सत्तापालट झाला आणि २ मे २०२५ ला पंतप्रधानांच्याच हस्ते कामाचा दुसऱ्यांदा शुभारंभ झाला. जुळ्याला वारा कळत होता, ऊन कळत होतं. मतपेटी कळत नव्हती. शहराआधी जन्मलेल्या जुळ्याकडे मोजायला शहरच उरलं नव्हतं.

आमच्या अमरावतीचं नेमकं उलटं. इथे शहर आहे, २०११ च्या जनगणनेनुसार साडेसहा लाखांचं. अंबागेटच्या आतला दाट परकोट आहे, १९८३ मध्ये महापालिका होताना एकत्र आलेली बडनेरा आहे. पण जुळं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत महाराष्ट्रातल्या दहा शहरांत अमरावतीचं नाव होतं. पुढच्या फेऱ्यांत पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद निवडली गेली, मागाहून पिंपरी-चिंचवडही आलं, अमरावती राहिली. अकोला तर त्या यादीतही नव्हतं. २०१६ मध्ये अकोल्याची हद्द वाढली आणि मलकापूर, उमरी, खडकी अशी चोवीस गावं शहरात आली. एका आदेशाने गावठाणाचं शहर झालं. तारा, खांब आणि डीप्या होत्या तिथेच राहिल्या.

* * *

ज्यांना हे जमलं त्यांनी काय केलं? सिंगापूरने डिसेंबर २०१४ मध्ये ७ कोटी ३० लाख सिंगापुरी डॉलर खर्चून ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ हाती घेतलं. कोणत्या छतावर किती ऊन पडतं, म्हणजे सौरपॅनेल कुठे लावावेत, हा त्याच्या उपयोगांपैकी एक. हेलसिंकीने दुसरी वाट धरली. कालासातामा हा जुना बंदराचा भाग नव्याने वसवताना त्याचं जुळं केलं आणि शहराचा ऊर्जा-नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यात इमारतीवर बोट ठेवलं की तिचं वय, तिची उष्णतेची गरज आणि दुरुस्तीने होऊ शकणारी बचत दिसते. तिथली चिंता थंडीची, आपली उन्हाची. पण नागरिकाने स्वतःच्या इमारतीचं पान उघडून पाहावं ही रीत घेण्यासारखी आहे.

आपल्याकडेही धोरणांत हा शब्द आला आहे. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात २०३५ पर्यंत प्रमुख शहरांची जुळी तयार करण्याचं उद्दिष्ट आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने डिजिटल ट्विनचाच ‘संगम’ नावाचा उपक्रम सुरू केला. ‘प्रमुख शहरं’ या शब्दांत अकोला कधी बसेल, हा प्रश्न वेगळा. मला वाटतं, वऱ्हाडाने थांबू नये. अख्ख्या शहराचं जुळं करायच्या फंदातही पडू नये. एक डीपी घ्यावी.

* * *

हिशेब कागदावरच मांडून पाहू. समजा २०० केव्हीएची डीपी आहे. तिच्यावर साधारण १८० किलोवॉट भार पेलतो. तिच्याखाली १५० घरं. प्रत्येक घरात एक कूलर, त्याची मोटर आणि पंप मिळून २०० वॉट. सगळे एकदम सुरू झाले तरी ३० किलोवॉट. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज धरूनही डीपी आरामात. आता या घरांनी दीड टनाचा एकेक एसी घेतला. एसी ओढतो दीड किलोवॉट. दीडशे घरांचे झाले २२५. गल्ली तीच, माणसं तीच, डीपी मात्र गेली. एसी सगळे एका क्षणी ओढत नाहीत हे खरं. पण मे महिन्यात रात्री दहाला जवळजवळ तसंच होतं.

पण रात्री दहालाच का? दुपारी ऊन जास्त असतं ना? याचं उत्तर डोक्यावर आहे. चार-पाच इंची सिमेंटच्या स्लॅबमधून उष्णता आत उतरायला तीनेक तास लागतात. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी पाचला छतातून खाली झिरपू लागतं, आणि माणूस घरी येऊन पाठ टेकतो तेव्हा स्लॅब तव्यासारखा असतो. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती हीच उष्णता दहा-बारा तास अडवून धरत. आत पोचेपर्यंत बाहेर पहाटेचा गारवा आलेला असे. ते घर बांधणाऱ्याला उष्णतेचं समीकरण माहीत नव्हतं, उत्तर माहीत होतं. आपण माती पाडली, स्लॅब टाकला आणि फरक भरून काढायचं काम डीपीवर सोपवलं.

आता कूलर. हे वऱ्हाडाचं खरं घरगुती यंत्र. होळी झाली की माळ्यावरून उतरतं, जुनी ताटी काढून नवी बसते, ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. याचं शास्त्र सुंदर आहे. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. तेवढीच उष्णता बाहेर फेकायला एसीला सुमारे ०.२२ युनिट वीज लागली असती. कूलरला बाहेरची तापलेली हवाच गार करत बसावं लागतं, म्हणून ही तुलना तंतोतंत नाही. तरी तत्त्व कळतं. बाहेर ४५ अंश असताना हवेत जेमतेम १० टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या जोरावर हवा तत्त्वतः २२ अंशांजवळ नेता येते. मे महिन्यातला अकोला हा कूलरचा स्वर्ग आहे.

स्वर्गाला दोन अटी आहेत. पहिली, पाणी. भर उन्हात मोठा कूलर तासाला ८-१० लिटर पितो. दीडशे घरांनी दिवसाला शंभर लिटर धरले तर १५ हजार लिटर, म्हणजे दीड टँकर, फक्त हवेत सोडायला. हे पाणी अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धातून येतं, आणि पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात बोअरचं पाणी ताटीत घातलं तर चार दिवसांत तिच्यावर पांढरा मिठाचा थर बसतो. पंपांच्या विजेची काळजी नको: हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला प्रत्यक्षात ०.४ युनिटच्या आसपास लागतं, म्हणजे त्या दीड टँकरला सहा युनिट. वीज किरकोळ आहे. मे महिन्यात नळाला पाणीच नसतं, ती अडचण आहे. दुसरी अट, कोरडी हवा. जून लागतो, ढग येतात, गदमदतं, आणि कूलर नुसती ओली हवा अंगावर फेकू लागतो. त्याच आठवड्यात एसीवाल्यांकडे रांग लागते.

वऱ्हाडातल्या ऊर्जा-जुळ्याबद्दल मला सांगायचंय ते इथे आहे. फक्त वीज पाहणारं गणित म्हणेल, सगळ्यांना कूलर द्या. फक्त पाणी पाहणारं गणित म्हणेल, कूलर बंद करा. परदेशातल्या वस्त्यांसाठी बेतलेली गणितं एसी किंवा हीटर गृहीत धरून बसतात. त्यांत ताटीला जागा आपणच करावी लागेल. आपल्या वस्तीच्या जुळ्याला वीज आणि पाणी एकाच वहीत मांडता आलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी जुळं आहे.

वही नीट मांडली तर ती बहुधा यंत्रांच्या आधी चुन्याकडे बोट दाखवेल. पांढरा केलेला स्लॅब ऊन परत फेकतो, आणि तेवढ्या छतापुरता रात्री दहाचा भार हलका होतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी धोरणच केलं. दीडशे छतं एकदम रंगवता येत नसतील तर पहिली चाळीस कोणती, हे सांगणं हे जुळ्याचं काम. सर्वांत वरच्या मजल्यावरची, ज्यांवर कुणाची सावली पडत नाही अशी, आणि ज्या घरांत म्हातारी माणसं दुपारभर असतात ती.

हा चैनीचा विषय नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि २५ तारखेला जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. दंगलीत ऐकलेलं कलम उन्हासाठी निघालं. कामगारांना पाणी आणि पंखे द्या, शिकवण्या सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घ्या, असे आदेश होते. जमाव उन्हाचा होता आणि तो पांगवायला हाती काही नव्हतं.

* * *

गावातली डीपी जुनी वस्ती सुधारण्यासाठी. नवी वस्ती आखायची संधीही दाराशी आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क उभा राहतोय; २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याहून त्याची कोनशिला बसली. हजार एकर जागा, म्हणजे एक छोटं शहरच. कापडाच्या रंगाई-धुलाईला विजेइतकीच वाफ लागते आणि पाणी तर लागतंच. त्याच नांदगावपेठला १,३५० मेगावॉटचं कोळशाचं वीज केंद्र आहे. अकोल्याच्या बाजूला पारसला ५०० मेगावॉटचं आहे. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेतले शंभरातले साठेक भाग विजेत न उतरता धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जातात. हेलसिंकीने अशीच उष्णता नळांनी घरोघर पोचवून पिढ्यान्‌पिढ्या शहर उबदार ठेवलं.

आपल्याला ऊब नको, पण रंगाईला वाफ हवी. वाफ काही किलोमीटरच नेता येते, केंद्र कधी पूर्ण भाराने चालतं कधी कमी, नळांचा खर्च निघेल की नाही, रंगाईचे कारखाने पार्कच्या कोणत्या टोकाला ठेवावेत: हे प्रश्न भाषणात सुटत नाहीत, विटा रचून झाल्यावर तर मुळीच नाही. ते आधी संगणकात रचून, मोडून, पुन्हा रचून पाहायचे असतात. हजार एकर मोकळे असतात ते दिवस परत येत नाहीत.

* * *

आता आकड्यांची गोष्ट. आमच्याकडे विजेचा आकडा दोन प्रकारचा. एक मीटरवरचा, दुसरा तारेवर टाकायचा. पहिला बिलात येतो, दुसरा येत नाही. डीपीला मात्र दोन्ही जाणवतात. जुळ्याला फक्त मीटरचे आकडे दिले तर ते शपथेवर सांगेल की डीपीवर भार कमी आहे, आणि त्याच रात्री ती उडेल. म्हणून डीपीवर स्वतंत्र मीटर लागतो. वरून किती गेलं आणि खाली किती पोचलं, ही वजाबाकी हेच जुळ्याचं पहिलं सत्य. इमारतींच्या हिशेबात जाणकारांची एक कसोटी असते: गणिताने काढलेला महिन्याचा वापर आणि प्रत्यक्ष वापर यांतली सरासरी तफावत ५ टक्क्यांच्या आत हवी. त्या कसोटीला उतरेपर्यंत पडद्यावरच्या लाल-हिरव्या रंगांना रांगोळीइतकीच किंमत द्यावी.

दुसरी अडचण विश्वासाची. स्मार्ट मीटरला राज्यभर विरोध झाला, आणि तो सगळाच अडाणीपणाचा नव्हता. दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणाऱ्या मीटरला घरात किती वाजता कोण झोपतं, घर कधी रिकामं असतं, हे कळतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण वस्तीच्या जुळ्याला घराघराची नोंद लागतच नाही. डीपीची बेरीज पुरते. एवढं आधी लिहून दिलं तर निम्मा विरोध मावळेल. उरलेला मावळायला घरच्यांना काही मिळालं पाहिजे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली आहे. छतांवर सूर्यघर योजनेचे पॅनेल चढताहेत. ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. दुपारी वीज उदंड आणि स्वस्त, रात्री दहाला ओढाताण, हे चित्र त्यामुळे आणखी टोकदार होणार. टाक्या दुपारी भरा, खोली संध्याकाळ होण्याआधी गार करून ठेवा, असं गल्लीला तिच्याच आकड्यांनी सांगणारं कुणीतरी लागेल.

तसं सांगणारं एक माणूस आजही आहे. लाइनमन. कोणती डीपी कमजोर, कोणत्या लग्नघरी मांडव पडला की फ्यूज जाणार, कोणत्या गल्लीत यंदा नवे एसी लागले, त्याला सगळं तोंडपाठ असतं. वऱ्हाडातल्या शहरांची जुळी त्याच्या डोक्यात केव्हाची चालू आहेत. तो निवृत्त होतो त्या संध्याकाळी ती बंद पडतात. संगणकाने पहिली शिकवणी त्याच्याकडे लावावी. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभं आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठाला उन्हाच्या आणि पाण्याच्या नोंदी नव्या नाहीत. चार विद्यार्थी, एक लाइनमन, एक डीपी, एक उन्हाळा: सुरुवातीला इतकं भांडवल पुरे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आमच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. तीस वर्षं रोज त्या डीपीखालून जातो, रात्री-बेरात्री तिच्या नावाने बोटं मोडतो. तिच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात किती केव्हीए ते लिहिलेलं असतं, हे मला पहिल्यांदा दिसलं. घरी आलो आणि तो आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिला. मग खालच्या ओळीवर घरं मोजायला सुरुवात केली. सतरावर गाडी अडली, कारण अठराव्या घरात कूलर आहे की एसी, हे मला माहीत नव्हतं. विचारायला जावं लागेल.